एवढं गणित येतं, मग बी.एड. कशाला?

एम.एस्सी. गणित, प्रथम श्रेणी. किंवा चार वर्षं कंपनीत काढून कंटाळलेला अभियंता. याला आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवायचं आहे आणि आपण त्याला सांगतो, आधी बी.एड. कर. त्यावर जो तो विचारतो, ज्याला एवढं गणित येतं त्याला आणखी काय शिकवणार? संस्थाचालक विचारतात, पालक विचारतात, खुद्द बी.एड.च्या वर्गातले छात्राध्यापक विचारतात. अलीकडे धोरण ठरवणारेही हाच प्रश्न जरा सभ्य भाषेत विचारू लागले आहेत. २०१५ मध्ये एक वर्षाचं बी.एड. दोन वर्षांचं झालं. २०२५ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं नियमावलीचा जो मसुदा काढला, त्यात चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांना ते पुन्हा एका वर्षात करता येईल अशी तरतूद आहे. दहा वर्षांत एकाचे दोन झाले आणि आता दोनाचा एक होऊ घातला आहे. या काळात गणिताचा शिक्षक नेमकं काय शिकतो, याची चर्चा ना वाढवताना कानावर आली, ना कमी करताना.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बी.एड.बद्दलची तक्रार बव्हंशी खरी आहे, आणि तिच्यावरून काढला जाणारा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. आजच्या बी.एड.मधून गणिताच्या शिक्षकाच्या पदरात फारसं काही पडत नाही, कारण त्यात गणित शिकवण्याचं प्रशिक्षण जवळजवळ नाहीच. जे कधी दिलंच नाही, ते निरुपयोगी ठरवून मोकळे होणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

तक्रार खरी कशी, ते पाहा. ज्यांनी बी.एड. केलं आहे त्यांना पाठ टाचणाची वही आठवत असेल. डावीकडे उद्दिष्टं, मग स्पष्टीकरणं, मग शिक्षककृती, विद्यार्थीकृती, फलकलेखन, मूल्यमापन. रकाने भरण्यात रात्री जातात. त्याआधी सूक्ष्म अध्यापन असतं. हे तंत्र १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात निघालं आणि आपल्याकडे येऊन विधीसारखं स्थिरावलं. पाच-सहा मिनिटांचा पाठ, एका वेळी एकच कौशल्य. आज प्रश्न कौशल्य, उद्या चेतक बदल, परवा प्रबलन. चेतक बदलाच्या पाठात छात्राध्यापक फळ्यापासून खिडकीपर्यंत किती वेळा हिंडला याची नोंद होते. तो जे बोलला ते गणित म्हणून बरोबर होतं का, यासाठी नोंदपत्रकात रकाना नसतो.

सराव पाठांमध्ये हे आणखी स्पष्ट दिसतं. विषय, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज. छात्राध्यापकानं रंगीत पुठ्ठ्याचे त्रिकोण कापून आणलेले, मुलांनी कोनमापक लावून कोन मोजलेले. एक मुलगी सांगते, एकशे अठ्ठ्याहत्तर आले. छात्राध्यापक म्हणतो, नीट मोज, एकशे ऐंशी येतात. ती निमूटपणे खोडून एकशे ऐंशी लिहिते. मागे बसलेले निरीक्षक शेरा देतात, साधनांचा वापर उत्तम, सहभाग चांगला, आवाज वाढवावा. त्या दोन अंशांवर कुणी बोलत नाही. वास्तविक त्या तासाचं सगळं गणित त्या दोन अंशांतच होतं. मोजून कधी अठ्ठ्याहत्तर येतील, कधी एक्क्याऐंशी, मग एकशे ऐंशीच का म्हणायचं? मोजणं आणि सिद्ध करणं यांत फरक काय? नववीत समांतर रेषांच्या आधारानं सिद्धता देतो, ती कशासाठी, जर सातवीत मोजून झालंच होतं तर? हे प्रश्न ज्याच्या मनात कधी आलेच नाहीत त्याला पुठ्ठ्याचे त्रिकोण तारणार नाहीत. आणि जो फक्त आवाज वाढवायला सांगतो तो निरीक्षकही नाही.

महाविद्यालयांची अवस्था तर जगजाहीर आहे. माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली सर्वोच्च न्यायालयानं जो आयोग नेमला, त्याचं मूळ महाराष्ट्रातल्याच २९१ अध्यापक पदविका संस्थांच्या मान्यतेच्या वादात होतं. तपासणीअंती मान्यतेला पात्र ठरल्या त्या अवघ्या ४४. त्या संस्था डी.एड.च्या होत्या हे खरं, पण बी.एड.ची तऱ्हा फार वेगळी असेल असं मानायला भोळेपणा लागतो. प्रवेश घ्या, शुल्क भरा, परीक्षेला या, अशी सोय कुठं मिळते हे प्रत्येक जिल्ह्यातल्या मुलांना ठाऊक असतं. या आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला आणि त्यानंतरच्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं केलं. पोकळ गोष्टीची लांबी दुप्पट केली तर पोकळीच दुप्पट होते, असं त्या वेळी जे म्हणत होते त्यांना मी आजही खोडून काढू शकत नाही.

इथवर मी विरोधकांच्या बाजूनंच बोललो. आता त्यांच्या मुख्य गृहीतकाकडे येतो: गणित येत असलं की ते शिकवता येतं.

फेलिक्स क्लाइन हा जर्मन गणिती. ग्योटिंगेन विद्यापीठाला गणिताची पंढरी करण्यात त्याचा वाटा मोठा. त्यानं १९०८ मध्ये शाळेच्या शिक्षकांसाठी दिलेली व्याख्यानं छापली, त्यांच्या प्रस्तावनेत एका दुहेरी तुटीबद्दल लिहिलं आहे. शाळेतून विद्यापीठात आलेल्या मुलाला तिथल्या गणिताचा शाळेच्या गणिताशी धागा दिसत नाही, म्हणून तो शाळेचं विसरतो. पदवी घेऊन तो शिक्षक होतो तेव्हा विद्यापीठाच्या गणिताचा वर्गाशी धागा सापडत नाही, म्हणून तेही विसरतो आणि आपल्याला जसं शिकवलं गेलं तसंच शिकवू लागतो. हे लिहिणारा कुणी शिक्षणशास्त्राचा प्राध्यापक नव्हता, पहिल्या पंगतीतला गणिती होता. तेव्हा 'आम्हा गणितवाल्यांना हे बी.एड.वाले काय शिकवणार' या तोऱ्याला उत्तर द्यायला मला शिक्षणशास्त्राकडे जावंच लागत नाही.

आपल्या बी.एस्सी.त आजही तेच चालतं. वास्तव विश्लेषण, गट सिद्धान्त, रेषीय बीजगणित, अवकल समीकरणं. सगळं हवंच. पण तीन वर्षांत एकदाही कुणी विचारत नाही की भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा करून का गुणायचं. एम.एस्सी.च्या मुलाला विचारलं तर तो म्हणेल, व्यस्ताने गुणणं म्हणजेच भागणं, व्याख्याच आहे. त्याच्यापुरतं ते खरं आहे. सहावीतल्या पोराला या उत्तरातून काय मिळणार?

आता शाळेतल्या चुका घेऊ, कारण शिक्षकाचा खरा अभ्यासक्रम त्यांच्यातच असतो. मुलगा लिहितो, १/२ + १/३ = २/५. जाणकार म्हणतो, चूक, छेद समान कर, लसावि सहा. उत्तर ५/६ मिळालं आणि प्रश्न संपला. पण तो मुलगा डोकं चालवत होता. आपल्या वर्गानं आधी दोन सामन्यांपैकी एक जिंकला, नंतर तीनांपैकी एक, तर एकूण किती? पाचांपैकी दोन. हे उत्तर अचूक आहे आणि त्यानं नेमकं हेच केलं आहे. त्याची गफलत बेरजेत नाही, 'पूर्ण' कशाला धरायचं यात आहे. सामन्यांच्या गोष्टीत प्रत्येक वेळी पूर्ण बदलतं, आणि पुस्तकातली बेरीज करताना पूर्ण एकच धरलेलं असतं. हे ओळखणारा शिक्षक त्याला विचारील, अर्ध्यात काहीतरी मिळवलं, तर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं? मुलगा थबकतो. त्या थबकण्यातून अपूर्णांक समजायला लागतो. लसाविच्या हुकमातून फक्त रीत पाठ होते, आणि पुढच्या वर्षी तीही जाते.

किंवा दशांश अपूर्णांक घ्या. ०.३ आणि ०.१२५ यांत मोठा कोण? अनेक मुलं ०.१२५ म्हणतात, कारण तीनापेक्षा एकशे पंचवीस मोठे. लांब तो मोठा, असा त्यांचा नियम. काही मुलांचा नियम बरोबर उलटा असतो. दशांश हा सहस्रांशापेक्षा मोठा, म्हणून ज्याच्यात आकडे कमी तो मोठा. आता गंमत अशी की ही दुसरी मुलं ०.३ हेच उत्तर देतात आणि पूर्ण गुण घेऊन जातात. शिक्षकानं फक्त ०.४ आणि ०.७५ विचारलं असतं तर पहिली मुलं चुकीच्या नियमानं बरोबर उत्तर देऊन सुटली असती आणि दुसरी अडकली असती. म्हणजे वर्गात दोन परस्परविरोधी गैरसमज नांदत असतात आणि कोणता उघडा पडणार हे शिक्षकानं फळ्यावर कोणते दोन आकडे लिहिले यावर ठरतं. ते दोन आकडे निवडण्याचं ज्ञान कोणत्या एम.एस्सी.त मिळतं? ते गणिताचंच ज्ञान आहे, मानसशास्त्राचं नव्हे. मात्र गणिताच्या कोणत्याही पदवीत ते नसतं.

आणखी एक उदाहरण देतो, कारण ते मला सगळ्यात जास्त छळतं. ऋण गुणिले ऋण धन. वितरण गुणधर्मावरून याची सिद्धता तीन ओळींत होते आणि एम.एस्सी. झालेल्याला ती झोपेतही येईल. सातवीतल्या मुलानं उणे तीन ही 'संख्या' आहे हेच अजून मनापासून मानलेलं नसतं. तेव्हा बहुतेक वर्गांत 'शत्रूचा शत्रू तो मित्र' सांगून वेळ मारून नेली जाते. 'ऋण ऋण धन' हा मंत्र होतो. आणि आठवीत तीच मुलं −३ − २ = ५ लिहायला लागतात. ऋण ऋण धनच ना! मग आठवीचे सर म्हणतात, सातवीत काही शिकवलंच नाही. शिकवलं होतं, आणि तेच उगवलं आहे. त्याऐवजी उणे दोनचा पाढा तीनपासून खाली उतरवत नेला, म्हणजे तीन वेळा −६, दोन वेळा −४, एक वेळा −२, शून्य वेळा ०, तर उत्तर दर पायरीला दोननं वाढतंय हे मुलांना दिसतं आणि पुढची पायरी तीच सांगतात. ही सिद्धता नाही, हे शिक्षकाला माहीत हवं. पण सिद्धतेचा गाभा हाच आहे, कारण वितरण गुणधर्म टिकवायचा हट्टच त्या पायऱ्यांमागे आहे, हेही माहीत हवं. वरचं गणित इथं कामाला येतं ते असं. फळ्यावर उतरवण्यासाठी ते लागत नाही. कोणती युक्ती पुढच्या इयत्तेत गोत्यात आणणार हे ओळखायला ते लागतं.

हे सगळं मी मनानं रचून सांगतो आहे असं वाटत असेल, तर मोजमापंही आहेत. लिपिंग मा यांच्या १९९९ च्या प्रसिद्ध अभ्यासात प्राथमिक शिक्षकांना पावणेदोन भागिले अर्धा हे गणित दिलं होतं, आणि या भागाकाराला साजेसा एखादा प्रसंग सांगा म्हटलं होतं. अमेरिकेतले २३ शिक्षक पदवीधर. त्यांच्यापैकी निम्म्यांनाही उत्तर पूर्ण बरोबर काढता आलं नाही आणि अर्थाला धरून असलेला प्रसंग फक्त एकाला सुचला. चीनमधल्या ७२ शिक्षकांपैकी सर्वांचं उत्तर बरोबर आलं आणि ६५ जणांनी योग्य प्रसंग रचला. या चिनी शिक्षकांचं औपचारिक शिक्षण नववीपर्यंतचं, त्यावर दोन-तीन वर्षांचं अध्यापक विद्यालय. पदव्यांचा हिशेब मांडला तर निकाल उलटा लागायला हवा होता.

माध्यमिक शाळांचंही पाहा. अमेरिकेतल्या डेव्हिड मंक यांनी १९९४ मध्ये दाखवलं की शिक्षकानं पदवीला गणिताचे जास्त विषय घेतले की विद्यार्थ्यांना फायदा होतो, पण साधारण पाचव्या विषयानंतर हा फायदा दिसेनासा होत जातो. गणिताच्या अध्यापनावरचे अभ्यासक्रम मात्र निव्वळ गणिताच्या जादा अभ्यासक्रमांपेक्षा अधिक उपयोगी ठरले. जर्मनीत बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी माध्यमिक शिक्षकांना दोन वेगळ्या चाचण्या दिल्या, एक गणिताची आणि दुसरी गणित शिकवण्याच्या ज्ञानाची. त्यांच्या मुलांची वर्षभरातली प्रगती दुसऱ्या चाचणीशी जास्त घट्ट जोडलेली निघाली. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की पहिल्यावाचून दुसरं उभं राहत नाही. हा दुसरा अर्धा भाग आमच्या शिक्षणशास्त्रवाल्यांनी भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. त्यांच्याकडे येतोच.

त्याआधी खाजगी क्लासवाल्यांचा दाखला निकालात काढू. 'अमुक सर बघा, बी.एड. नाही की डी.एड. नाही, वर्ग तुडुंब भरतो.' भरतो ना. क्लासला येणारा मुलगा शुल्क भरणाऱ्या घरातला असतो, शाळेत तोच धडा एकदा ऐकून आलेला असतो, आणि चालला नाही तर क्लास सोडून जातो. फलकावर झळकतात ते शंभरपैकी शंभर मिळवणारे. सोडून गेलेल्यांची यादी कुणी लावत नाही. शाळेच्या शिक्षकाला ही मुभा नाही. त्याच्या वर्गात साठ मुलं असली तर साठही त्याचीच. शिवाय हे सर शिकवायला शिकलेच नाहीत असं कुठं आहे? पहिल्या पाच-सात वर्षांच्या मुलांवर प्रयोग करत ते शिकले. प्रशिक्षण झालंच, फक्त ते कुणाच्या देखरेखीशिवाय झालं आणि त्याचा खर्च त्या मुलांनी उचलला. शिक्षक जन्मावाच लागतो, हे दुसरं लाडकं वचन. जन्मत असतील, पण दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास मुलं दहावीला बसणाऱ्या राज्याला पुरतील इतके जन्मत नाहीत.

आता बी.एड. महाविद्यालयांचा बचाव. तो मला वरच्या आक्षेपापेक्षाही जास्त अस्वस्थ करतो. 'आम्ही विषय शिकवायला शिकवत नाही, मुलाला शिकवायला शिकवतो,' असं तिथं अभिमानानं सांगितलं जातं. ऐकायला छान आहे. पण मुलाला शिकवतो म्हणजे काय शिकवतो? काहीतरी शिकवतोच ना? २०१४ च्या राष्ट्रीय आराखड्यात शिक्षणाची तात्त्विक बैठक, बाल्य आणि वाढ, भाषा, लिंगभाव, समावेशन, मूल्यमापन अशा कितीतरी विषयांच्या गर्दीत शालेय विषयाच्या अध्यापनशास्त्राला एका विषयपत्राइतकी जागा आहे. तेवढ्या जागेतही 'गणित मेथड' म्हणून जे शिकवलं जातं त्यात गणिताची शिस्तविषयक आणि सांस्कृतिक मूल्यं, उद्गामी आणि अवगामी पद्धती, विश्लेषण आणि संश्लेषण, समवाय, गणित मंडळ, गणित प्रयोगशाळा यांची वर्णनं असतात. परीक्षेत 'उद्गामी पद्धतीचे गुणदोष लिहा' येतं आणि मुलं लिहितात. एकाही शाळकरी मुलाची वही, त्याच्या चुकांसकट, या अभ्यासक्रमात उघडली जात नाही. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात अंकगणितातून बीजगणिताकडे जाताना मुलं कुठं अडखळतात, अपूर्णांकांत काय घोटाळे करतात, यावर वर्षानुवर्षं काम झालं आहे. मुंबईतलंच केंद्र, १९७४ पासूनचं. बी.एड.च्या मराठी पाठ्यपुस्तकांत त्याचा मागमूस शोधून दाखवावा.

सेमी इंग्रजीचा तर विषयच कुणी काढत नाही. मराठी शाळांत गणित इंग्रजीतून शिकवायचं, स्पष्टीकरण मराठीत द्यायचं, मुलानं प्रश्न मराठीत विचारायचा आणि उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहायची. ही रोजची कसरत करणाऱ्या हजारो शिक्षकांना तिची एका तासाचीही तयारी मिळालेली नसते.

आणि ज्या एम.एस्सी. प्रथम श्रेणीच्या कैवारानं हा सगळा वाद सुरू होतो, तो गृहस्थ शाळेत असतो तरी का? शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी विज्ञान आणि गणित मिळून एक शिक्षक धरला आहे. त्यामुळे वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेल्या बाई सातवीला बैजिक राशी शिकवत असतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. पात्रता परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात दीडशे गुणांपैकी गणित-विज्ञानाला साठ, म्हणजे गणिताच्या वाट्याला त्यातले निम्मेच. नंतर शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरची निवड ज्या अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीवर होते, तिच्या दोनशे गुणांत एकशेवीस अभियोग्यतेला आणि ऐंशी बुद्धिमत्तेला आहेत. उमेदवार ज्या विषयाचा शिक्षक होणार त्या विषयाला एकही गुण नाही. संस्कृतचा शिक्षक आणि गणिताचा शिक्षक एकाच प्रश्नपत्रिकेनं निवडायचे, आणि वर म्हणायचं की विषय येणं महत्त्वाचं! विषयज्ञानाचा एवढाच कळवळा असेल तर आधी तिथं आवाज उठवावा.

मग करायचं काय? माझ्या मते एक वर्ष की दोन हा वाद गौण आहे. पण एका वर्षाच्या बाजूनं दिलं जाणारं कारण मला मान्य नाही. पदव्युत्तर माणसाला विषय आलेला असतो म्हणून त्याला कमी प्रशिक्षण पुरेल, असं ते कारण आहे. त्याला जो विषय आला आहे तो क्लाइनच्या पहिल्या तुटीपलीकडचा. शाळेच्या गणिताकडे वरून पाहण्याचं काम त्याचं अजून सुरूच व्हायचं असतं. तेव्हा निम्मा अभ्यासक्रम शाळेच्या गणितालाच द्यावा. पाचवी ते दहावीतली दहा-बारा अवघड ठिकाणं घ्यावीत, अपूर्णांकांचा भागाकार, ऋण संख्या, प्रमाण, अक्षरांचा पहिला वापर, पहिली सिद्धता, करणी. प्रत्येक ठिकाणी मागं काय होतं, पुढं काय येणार, मुलं काय-काय लिहितात आणि का, हे खऱ्या वह्या समोर ठेवून खणावं. हे काम शिकवणाऱ्याला गणितही यायला हवं आणि त्यानं शाळेत शिकवलेलंही असायला हवं. असे लोक महाविद्यालयांत नाहीत म्हणाल तर शाळांत आहेत. प्रत्येक तालुक्यात गणिताचे दोन-चार तरी असे शिक्षक निघतील ज्यांच्याकडून कुठलाही एम.एस्सी. शिकेल. निवृत्तीनंतर त्यांचा सत्कार करून शाल देण्यापेक्षा त्यांना निवृत्तीआधीच छात्राध्यापकांकडे पाठवावं.

छात्रसेवाकाळ कागदावर वीस आठवड्यांचा आहे, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. वाईट नाही. पण शाळेत पोचलेल्या छात्राध्यापकाचं काय होतं? ज्या वर्गाचे सर रजेवर किंवा निवडणुकीच्या कामावर, त्या वर्गावर त्याला धाडतात. तास बदलीचा, विषय कुठलाही. जपानी शाळांत शिक्षक मिळून एकच धडा आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे मुलांच्या वह्यांकडे पाहत बसतात आणि नंतर त्या एका तासावर संध्याकाळपर्यंत चर्चा करतात. त्याला साधनं लागत नाहीत, अनुदान लागत नाही. लागतात ते चार माणसं आणि एक वर्ग. आपल्या निरीक्षकानं त्या एकशे अठ्ठ्याहत्तर अंशांवर अर्धा तास बोलायचं ठरवलं असतं तर तेच झालं असतं.

विरोधकांचा एक मुद्दा मला खरोखर जड वाटतो, आणि तो ते क्वचितच मांडतात. पदवीची तीन वर्षं, बी.एड.ची दोन, पात्रता परीक्षा, मग भरतीची वाट, आणि शेवटी माध्यमिक शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं दरमहा १८,००० रुपये. तेही २०२३ मध्ये वाढ झाल्यावर, त्याआधी आठ हजार होते. विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकांचे आकडे विचारू नयेत. ज्याला खरोखर गणित येतं तो या वाटेला का लागेल? बरोबर आहे. पण यावरचा उपाय प्रशिक्षण छाटणं हा नव्हे. जर्मनीत विद्यापीठाचं शिक्षण संपल्यावर भावी शिक्षक दीड ते दोन वर्षं शाळेत अनुभवी शिक्षकांच्या हाताखाली उमेदवारी करतो आणि त्या काळात त्याला वेतन मिळतं. आपल्याकडेही वैद्यकीय पदवीच्या शेवटच्या वर्षात विद्यावेतन देतोच. छात्रसेवाकाळातला गणिताचा छात्राध्यापक शाळेचे तास घेत असेल तर त्यालाही ते द्यावं. अर्थखात्याला हे महाग वाटेल. फुकटचा बदली शिक्षक मिळतो आहे तोवर वाटणारच.

दरम्यान आपण स्वस्त उपाय शोधलेच आहेत. २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात, दहावीला गणितात आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी मुलाला पुढे जाऊ द्यावं, गुणपत्रिकेवर तसा शेरा मारावा आणि मग त्यानं हे विषय घेऊ नयेत, अशी तरतूद सुचवली गेली. गणितात अडलेल्या पोराचं वर्ष वाया जाऊ नये, हा हेतू मला समजतो, त्याची चेष्टा करणार नाही. पण त्या पोराच्या सहावीपासूनच्या वह्या काढून पाहाव्यात. १/२ + १/३ = २/५ कुठंतरी सापडेल, त्याखाली लाल शाईतली फुली सापडेल, आणि शेजारी 'लसावि काढा' असं लिहिलेलं असेल. शेरा मारायचाच तर तो त्या मुलाच्या गुणपत्रिकेवर का?